फेडचा दर आणि टॉवेलवाल्याचा डॉलर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेतील व्याजदरवाढीची झळ सोलापूरच्या टॉवेल निर्यातदारालाही लागते, असे मी लेखात लिहिले होते; त्यावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की भारतातील व्याजदर रिझर्व्ह बँक ठरवते, अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्ह (फेड) नव्हे. आणि तिकडच्या दरवाढीने रुपया घसरलाच, तर सोलापूरच्या टॉवेल निर्यातदाराचे भलेच होते, मग मी त्याच्या नावाने गळा का काढावा?

पहिल्या मुद्द्यावर आपण मला नेमके पकडले आहे. ‘फेडने दर वाढवला की रिझर्व्ह बँकेला वाढवावाच लागतो’ हे माझे वाक्य सैल होते. मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात फेडने आपला दर जवळपास शून्यावरून ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला. रिझर्व्ह बँकेने मात्र रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते) ४ वरून ६.५० टक्के केला आणि फेब्रुवारी २०२३ नंतर ती थांबली. त्या वाढीमागेही मुख्य कारण घरच्या महागाईचे होते. पण ही मोकळीक फुकटची नव्हती. तिकडे व्याज जास्त मिळू लागले की पैसा तिकडे वळतो, रुपयावर दाब येतो आणि तो सावरायला रिझर्व्ह बँक आपल्याकडचे डॉलर विकते. सप्टेंबर २०२१ मध्ये ६४० अब्ज डॉलरच्या घरात असलेली देशाची परकीय चलनाची गंगाजळी ऑक्टोबर २०२२ मध्ये ५२५ अब्जांच्या आसपास उतरली. त्यातली बरीच घट युरो, येन आदींचे डॉलरमधील मूल्य पडल्याने झाली हे खरे, तरी रुपयाला टेकू देण्यासाठी विकलेले डॉलरही त्यात आहेत. २०१३ मध्ये असा टेकू अपुरा पडला, तेव्हा फेडने दर वाढवलाही नव्हता, बाजारात पैसा ओतण्यासाठी चाललेली रोखेखरेदी कमी करण्याचे नुसते सूतोवाच केले होते. तरी मे महिन्यात ५५ च्या आसपास असलेला डॉलर ऑगस्टअखेर ६८ रुपयांपलीकडे गेला.

आता टॉवेलकडे येतो, कारण आपला खरा आक्षेप तिथे आहे. अक्कलकोट रस्त्यावरचा एखादा कारखानदार परदेशी ऑर्डर घेतो, सूत आणतो, माग चालवतो, आणि पैसे हाती पडायला सहा महिने लागतात असे धरू. मधल्या काळात डॉलर खाली आला तर नुकसान नको, म्हणून तो येणारे डॉलर बँकेला आधीच ठरलेल्या भावाने विकून ठेवतो. हा वायद्याचा भाव त्या दिवशीच्या भावापेक्षा किती जास्त मिळेल, हे मुख्यतः दोन देशांच्या व्याजदरांतील अंतरावर ठरते. डॉलर ८० रुपये धरला आणि अंतर पावणेचार टक्के असले (२०२२ च्या आरंभी ४ विरुद्ध पाव टक्का होते), तर सहा महिन्यांसाठी डॉलरमागे सुमारे दीड रुपया जादा मिळतो. २०२३ च्या उत्तरार्धात हेच अंतर १ टक्क्यावर आले, म्हणजे ४० पैसे. एक लाख डॉलरच्या ऑर्डरवर दीड लाखाचे ४० हजार झाले. ज्या फेडशी त्याचे देणेघेणे नाही असे आपण म्हणता, तिचा दर असा थेट त्याच्या करारात येऊन बसलेला असतो.

रुपया घसरल्याचा लाभ झाला, हेही मान्य. पण तो कोणाला? जानेवारी २०२२ मध्ये डॉलर ७५ च्या आगेमागे होता आणि जुलैत त्याने ८० गाठले. ज्याने डॉलर उघडे ठेवले, म्हणजे वायदा केलाच नाही, त्याची चांदी झाली. ज्याने जानेवारीत सावधपणे वायदा केला, त्याला ७६ च्या आसपासच मिळाले आणि बाजारातली चढण त्याला नुसती बघावी लागली. शिवाय त्याच वर्षी मे महिन्यात कापूस खंडीला लाख रुपयांवर गेला होता, आणि रुपया पडल्याची बातमी तिकडच्या खरेदीदारालाही पोहोचतेच; पुढच्या ऑर्डरला तो भाव कमी करून मागतो.

केवळ देशात चादरी विकणाऱ्याचे फेडशी देणेघेणे नाही, हे आपले म्हणणे बरेचसे पटते. त्याला फेडची झळ डॉलरबरोबर महागणाऱ्या वाहतुकीच्या डिझेलमधून लागते, तीही अप्रत्यक्ष. मूळ लेखातील ‘वाढवावाच लागतो’ हे शब्द आज बदलतो आहे. टॉवेलचे उदाहरण मात्र राहील, आणि वरचा वायद्याचा हिशोब तिथेच जोडेन.