सहकुटुंब सहपरिवार औषधी गांजा

कांद्याला भाव नाही, डाळिंबाला तेल्या रोग, उसाचं बिल कारखान्याकडे अडकलेलं. अशा वेळी घरातल्या कुणाच्या तरी मोबाईलवर 'औषधी गांजा लावा, एकरी कोटी' असा व्हिडिओ येतो आणि घराण्याचं भाग्य उजळतं. आमच्याकडे तो धाकट्या भाऊजींच्या मोबाईलवर आला. गेल्या रविवारी पाठोपाठ सल्लागारही आला, पांढऱ्या गाडीतून. चार माणसांचं उप्पीट आणि दोन वेळचा चहा मी केला, त्यामुळे सोलापूर जिल्ह्यातल्या इच्छुक कुटुंबांना मार्गदर्शन करायचा थोडा अधिकार मलाही आहे.

कंपनीला आजोबांचं नाव द्या. आजोबा माळकरी असतील तर फारच छान. ते हयात नाहीत, तक्रार करणार नाहीत.

पीक नंतर, पदं आधी. आमच्याकडे भाऊजी चेअरमन, पुतण्या एमडी, जाऊबाईंचा भाऊ मार्केटिंग हेड. त्याचं जुळे सोलापुरात रिचार्जचं दुकान आहे, म्हणजे अनुभव आलाच. सुनांकडे पॅकिंग. पगाराचं विचारू नये, घरचंच काम आहे. सासूबाईंना कुठलंच पद नाही. का, ते पुढे येईल.

कायदा वाचू नका, उगाच मूड जातो. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा वैद्यकीय आणि शास्त्रीय कामासाठी सवलत देतो, एवढी ओळ सल्लागाराने लॅपटॉपवर ठळक करून दाखवली. त्याच कलमातलं पुढचं, सरकारी परवाना आणि त्याच्या अटी, हे दिसायच्या आत त्याने पान पुढे ढकललं. लागवडीची परवानगी द्यायची की नाही हे राज्य सरकार ठरवतं. उत्तराखंडने २०१८ साली वाट मोकळी केली ती औद्योगिक हेम्पची, म्हणजे धाग्यासाठी आणि बियांसाठी लावायच्या याच झाडाची. तीही नशेचा घटक, टीएचसी, ०.३ टक्क्याच्या आत असेल तरच. आमच्या पाहुण्याने फोटो दाखवला उत्तराखंडचा, भाव सांगितला कॅलिफोर्नियाचा आणि जमीन मागितली मोहोळ तालुक्यातली.

त्याच मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने २०२१ मध्ये दोन एकरांत गांजा लावू द्या म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे सरळ अर्ज केला होता. अर्ज पोलिसांकडे गेला. हे मी सांगितलं तर भाऊजी म्हणाले, "वहिनी, त्यानं मेडिकल लिहिलं नव्हतं की. तुम्ही उगी निगेटिव्ह बोलायलाव."

प्रमाणपत्राला सोनेरी फ्रेम करा. आमच्या हातात आलं ते उद्यम नोंदणीचं. आधार आणि पॅन कार्ड असलं की कुणीही घरी बसून काढतं, सरकार त्याचा एक रुपया घेत नाही. सल्लागाराने त्याला 'केंद्र सरकारची मान्यता' म्हटलं आणि प्रोजेक्ट रजिस्ट्रेशनचे ५१ हजार घेतले. त्यासाठी जाऊबाईंचं गंठण सोनेतारणात गेलंय.

फुलोऱ्यासाठी रोपांना रोज बारा तास सलग अंधार लागतो. तेवढी एक गोष्ट आपल्याकडे सरकारकृपेने भरपूर आहे.

शेतातले नर ओळखून वेळेत उपटायचे असतात. राहिले तर मादी फुलांत बी भरतं आणि औषधाचा माल हातचा जातो. घरातल्या नरांना हा नियम लागू नाही, ते खुर्चीवर बसून मीटिंग घेतात.

पेशंट हा शब्द काढू नका. सासूबाईंनी तेवढी चूक केली. "हे कुठल्या दुखण्यावर देतात?" तर उत्तर आलं, "सगळ्यावर, आजी." अमेरिकेत २०१८ साली या झाडातल्या कॅनाबिडिऑलचं जे औषध मंजूर झालं, ते लहानपणी सुरू होणाऱ्या आणि इतर औषधांना दाद न देणाऱ्या दोन दुर्मिळ फिट्सच्या आजारांवर. शुद्ध केलेलं, वजनाप्रमाणे मात्रा मोजून द्यायचं. आणि आमच्या घरी ते गुडघ्यावर, शुगरवर, झोपेवर, शिवाय पुतण्याचं लग्न जमत नाही त्यावरसुद्धा.

भावाची काळजी नको, बायबॅक आहे, म्हणजे रोपं देणाराच माल विकत घेणार. थायलंडने २०२२ मध्ये गांजा खुला केला, गल्लोगल्ली दुकानं निघाली, माल उदंड झाला, भाव कोसळला आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री बंद. पण एवढ्या लांब कशाला जायचं? २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापुरात ५१२ किलो कांदा घातला आणि त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला. तरी आपल्याला वाटतं, हा पांढऱ्या गाडीवाला मात्र ठरल्या भावाने उचलणार. रोपं त्याच्याकडूनच, खत त्याच्याकडूनच, माल त्यालाच. इमू पाळायच्या अशाच योजनेच्या वेळी काय होतं? सफेद मुसळीच्या वेळी? कडकनाथच्या वेळी कोंबड्या आमच्या अंगणात होत्या आणि फोन स्विच्ड ऑफ होता.

आता मुख्य सूचना. जमीन कुणाच्या नावावर दाखवायची? चेअरमनच्या नको, त्यांना ट्रॅक्टरचं कर्ज काढायचंय. एमडीच्या नको, त्याचं लग्न व्हायचंय. सल्लागाराचा तर प्रश्नच नाही, तो फक्त गाइड करतो. मग सातबाऱ्यावर ज्या बाईचं नाव आधीच आहे, तिचंच राहू द्या. सासूबाई बहात्तर वर्षांच्या. त्यांच्यापुढे पाचशेचा स्टॅम्प पेपर सरकवला आणि निळ्या शाईचं पॅड उघडून त्यांचा अंगठा धरला. त्या म्हणाल्या, "सोड. मला सही येते." मी कप उचलायला गेले होते म्हणून शेवटची ओळ वाचली: 'सदर जमिनीवरील पिकाची सर्व कायदेशीर जबाबदारी जमीनधारकाची राहील.'

बिनपरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे आणि लाखापर्यंत दंड. आपल्या जमिनीत बेकायदा गांजा उभा असेल तर तो पोलिसांना कळवण्याची जबाबदारी जमीनधारकावर आहे, माहीत असून गप्प बसला तर शिक्षा आहे. हे त्या सल्लागाराला पाठ होतं, म्हणूनच ती ओळ तिथे होती. आणि समोर चार शिकलेली पोरं बसली होती, एक तर बीएस्सी ॲग्री! कुणाला कागद पुढे ओढून वाचावासा वाटला नाही. आईला तुरुंगात धाडायच्या कागदावर आईचा अंगठा घेताना, अरे, तुम्ही उप्पिटात शेंगदाणे कमी पडले म्हणून ओरडत होता!

तुम्हीही हसू नका. तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर 'शेअर करा, शेतकरी वाचवा' म्हणून टाकणारे तुम्हीच. व्हिडिओच्या खाली 'इंटरेस्टेड' लिहून स्वतःचा नंबर देणारेही तुम्हीच. तुमच्या आईचा सातबारा कुठे आहे ते आज बघा, नंतर नको. तिला वाचून दाखवल्याशिवाय कशावर सही घेतली असेल तर आधी तिचे पाय धरा आणि मग वकील गाठा.

आणि भाऊजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. स्टॅम्प पेपर फाडलाय. गंठण सोडवायचे ५१ हजार त्या माणसाकडून परत आणा. नाही आणले तर पावती घेऊन मी पोलीस ठाण्यात जाते, आणि कंपनीचा चेअरमन कोण ते तिथे सांगते.