सीतेची वेणी सीडबॉलने वाचणार नाहीये, तो मेसेज पुढे ढकलू नका

आमच्या काकूला तिच्या भजनाच्या ग्रुपवरून हा मेसेज आला आणि तिने बुरशीनाशकाची पुडी आणूनसुद्धा ठेवली, म्हणून लिहितेय. मेसेज काय, तर सीतेची वेणी हे झाडावर वाढणारं रानातलं ऑर्किड संपत चाललंय, तिच्या एका शेंगेत लाखो बिया असतात, त्या बुरशीनाशकात घोळवा, मातीचे सीडबॉल करा, पावसात डोंगरावर टाका, हजारो ऑर्किड येतील. नाहीतर जंगलातून रोप आणून घरी लावा, तेही संवर्धनच.

अहो, बुरशी मारून ऑर्किड कसं उगवेल? ज्वारी-हरभऱ्याच्या दाण्यात कोंबाला पुरेल एवढं अन्न असतं, ऑर्किडचं बी म्हणजे नुसती धूळ, त्यात साठा जवळपास नाहीच. त्याला साजेशी बुरशी आत शिरते, पेशींमध्ये तिच्या तंतूंची वेटोळी होतात आणि ती वेटोळी पचवून ते बी वाढतं, हिरवं पान येईपर्यंत पोट बुरशीवरच. हे फ्रान्समध्ये नोएल बर्नार या माणसाने १८९९ मध्ये दाखवून दिलंय, सव्वाशे वर्षं झाली! आणि आपण आजही बी पेरायच्या आधी त्याचं जेवणच मारा म्हणून सांगतोय.

लाखो बियांचं म्हणाल तर खरं आहे, मान्य. पण इतक्या असतात त्याच मुळात बहुतेक वाया जातात म्हणून. आणि हो, बुरशीशिवायही बी उगवतं, अमेरिकेतल्या नडसन या शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये साखर घातलेल्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या माध्यमावर, उगवून दाखवलं, नर्सऱ्या आजही तसंच करतात. पण ते निर्जंतुक बाटलीत, डोंगरावर साखर कोण देणार?

खरं काम बघायचं तर ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या रॉयल बोटॅनिक गार्डन्समध्ये बघा. तिकडची कॅलॅडेनिया नावाची जमिनीवरची दुर्मिळ ऑर्किडं आहेत, त्यांच्या खोडाच्या तळातून ती बुरशी वेगळी काढतात, प्लेटमध्ये वाढवतात, त्यावर बी पेरतात, रोपं मोठी करून मग जंगलात लावतात. त्यातल्या बऱ्याच जातींचं परागीभवन ठराविक गांधीलमाशीच करते, म्हणून जागा ठरवताना ती माशी तिथे आहे का हेही आधी तपासतात. एवढं करून रोपं जगतात, आणि इथे म्हणे मूठभर माती पुरे.

सीडबॉलवर तर काय बोलायचं, सीतेची वेणी झाडाच्या सालीवर वाढते, मुळं उघडी लोंबतात, ती मातीच्या गोळ्यात काय करणार.

राहिलं घरी आणायचं. वादळात फांदी मोडून ऑर्किड खाली पडलं असेल तर जवळच्याच झाडाला काथ्याने बांधा, तेवढं ठीक. जिवंत फांदीवरून ओरबाडून कुंडीत लावलेलं रोप मात्र जंगलाच्या दृष्टीने गेलेलंच, तिथे त्याचं बी आता पडणार नाही. काकूला सांगितलंय, पुडी दुकानात परत दे आणि शेंगा झाडावरच राहू देत, उकलतील आपल्या आपण.