एकाच सालची दोन पोरं

लामिन यमाल कोण, हे फुटबॉल न बघणाऱ्यालाही सांगावं लागत नाही. पाऊ कुबार्सीचं नाव काढलं की मात्र बघणारेसुद्धा 'तो बचावपटू ना?' म्हणून खात्री करून घेतात. दोघंही २००७ चे, दोघंही बार्सिलोना क्लबच्या ला मासिया अकादमीत घडलेले. वयात जेमतेम सहा महिन्यांचं अंतर.

यमालची गोष्ट आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. वडील मोरोक्कोचे, आई इक्वेटोरियल गिनीची. मातारो शहरातली रोकाफोंदा ही कष्टकऱ्यांची, स्थलांतरितांची वस्ती. गोल केला की तो बोटांनी ३०४ करून दाखवतो, ते वस्तीच्या पिनकोडचे, ०८३०४ चे, शेवटचे तीन आकडे. त्यात भर म्हणून तान्ह्या लामिनला टबात आंघोळ घालणाऱ्या तरुण मेस्सीचा फोटो! युनिसेफच्या सोडतीत या कुटुंबाचा नंबर लागला, म्हणून काढलेला.

मला खटकतं ते 'गरिबीतून आला म्हणून एवढा मोठा झाला' हे पालुपद. ३०४ दाखवताना पोरगा कीव मागत नाही, चक्क मिरवतो. आणि तो घराघरांत पोचला तो ९ जुलै २०२४ ला, युरो स्पर्धेत स्पेनकडून फ्रान्सविरुद्ध लांबून वळवून मारलेल्या त्या गोलमुळे. वय सोळा. (स्पर्धा चालू असताना हा शाळेचा गृहपाठही करत होता, हे मला गोलइतकंच आवडलं.) १३ तारखेला सतरावा वाढदिवस, १४ ला युरो चषक.

कुबार्सी तेव्हा कुठे होता? युरोच्या अंतिम संघातून वगळलेला. महिन्याभरात पॅरिसहून ऑलिम्पिकचं सुवर्ण घेऊन आला, पण ते किती जणांच्या लक्षात आहे? जिरोनाजवळच्या एस्तान्योल नावाच्या छोट्या गावचा, सुतारकी करणाऱ्या घरातला. पार्श्वभूमी यालाही आहेच की! फक्त तिच्यात व्हायरल होण्यासारखं काही नाही.

२६ ऑक्टोबर २०२४ ला बार्सिलोनाने रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर ४-० हरवलं. यमालचा गोल मी किती वेळा पाहिला, गणती नाही. सगळा सामना पुन्हा बघितला तेव्हा कळलं, खरी गंमत दुसऱ्या टोकाला चालली होती. रेआलचा आघाडीवीर एम्बापे एकटा आठ वेळा ऑफसाइड, म्हणजे पास निघताना बचावफळीच्या पलीकडे सापडलेला! कुबार्सी आणि इन्यिगो मार्तिनेझ बचावाची फळी पार मैदानाच्या मध्यापर्यंत वर आणत होते. एक पाऊल मागे राहिलं असतं तरी एम्बापे मोकळा सुटला असता. सतरा वर्षांच्या पोराने ही जोखीम नव्वद मिनिटं घेतली. पण ऑफसाइडचं रील कोण बनवणार?

यमालच्या कौतुकाबद्दल माझी तक्रार नाही. दोनदा कोपा ट्रॉफी (सर्वोत्तम तरुण खेळाडूची), २०२५ च्या बॅलन डी'ओरमध्ये (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारात) दुसरा क्रमांक, सगळं खेळून मिळवलेलं आहे. फक्त लोकप्रियतेच्या आकड्यावरून कुणी जास्त सोसलं आणि कुणी जास्त घाम गाळला हे ठरवू नका. कडेने चढाई करणारा विंगर आणि मधला बचावपटू सेंटर बॅक यांच्यावर कॅमेरा सारखा नसतोच.

माद्रिदच्या त्या सामन्यानंतर, नोव्हेंबर २०२४ मध्ये, बेलग्रेडला प्रतिस्पर्ध्याचा बूट कुबार्सीच्या तोंडावर बसला. दहा टाके पडले. माझ्या फीडवर त्याचा एवढा मोठा फोटो मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.