पाणी जाईना, मशीन फिरेना

वॉशिंग मशीनचं पुन्हा तेच! कपडे साबणाच्या पाण्यात, दार लॉक, पडद्यावर कसलासा कोड. कस्टमर केअर म्हणे, ‘सर, एकदा बंद करून चालू करा.’ अहो, ते काय मी केलं नसेल? मग टेक्निशियन येतो आणि काहीही न उघडता निदान: ‘पीसीबी गेलाय, काका.’ म्हणजे मशीनचा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड! अरे, पाणी उपसल्याशिवाय मशीन स्पिन करतच नाही, आधी खालचा ड्रेन फिल्टर तरी काढून बघ! नाणं, हेअरपिन, बाळाचा मोजा, काहीतरी निघेलच. पण फिल्टर साफ करण्याचं बिल कितीसं होणार, नाही का? आणि त्या फिल्टरची जागा कुणी ठरवली? उघडल्यावर सांडणारं पाणी धरायला खाली ताटसुद्धा सरकत नाही, बादली तर सोडाच! म्हणे फुल्ली ऑटोमॅटिक! चादरी पिळतोय कोण? मीच. वर व्हिजिट चार्ज वेगळा.