घरची मासेबंदी

कांजिण्या झालेल्या मुलाला वेगळ्या खोलीत ठेवावे, असा सल्ला देणाऱ्या माणसाने गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले जुने घर आतून पाहिलेले नसावे. आमच्या घरात खोल्या पुष्कळ आहेत, परंतु त्या सगळ्या राजांगणाभोवती, म्हणजे मधल्या चौकाभोवती, एकमेकींत उघडणाऱ्या असल्यामुळे एकीतून दुसरीत गेल्याशिवाय तिसरीत पोहोचता येत नाही. त्यातल्या त्यात एकांताची म्हणून जी खोली आम्ही माझ्या मुलासाठी निवडली, तिच्यातूनच देवघराची वाट जाते, तांदळाचे पिंपही तिथेच आहे आणि मोबाईलला बरी रेंज घरात फक्त त्याच खिडकीपाशी मिळते. परिणामी वेगळे ठेवल्यापासून त्या मुलाला जितकी माणसे भेटली, तितकी त्याला शिगम्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या होळीच्या सणाच्या, मांडावरही भेटली नव्हती.

डॉक्टरांनी पाठीवरचे फोड पाहताक्षणी निदान केले. पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत हा आजार दुसऱ्याला लागू शकतो आणि ज्याला लागतो त्याच्या अंगावर तो दहा ते एकवीस दिवसांनी उमटतो, असे त्यांनी समजावून सांगितले. ज्यांना पूर्वी कांजिण्या आलेल्या नाहीत आणि ज्यांनी लसही घेतलेली नाही, अशा घरातल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांना त्या गाठतात, हेही त्यांनी तितक्याच शांतपणे सांगितले. तापाला पॅरासिटामॉल, खाजेला कॅलामाइन लोशन, नखे बारीक कापलेली आणि ॲस्पिरिन मुळीच नको, कारण या आजारात मुलांना ते दिल्यास क्वचित यकृताला आणि मेंदूला गंभीर इजा होते. खाण्यापिण्याचे पथ्य मात्र काहीही नाही. हे शेवटचे वाक्य त्यांनी माझ्या आईसमोर उच्चारायला नको होते.

आईच्या मते घरात देवी आलेली होती आणि देवीपुढे डॉक्टरांचे काही चालत नाही. मुलाच्या उशाशी आणि दारावर कडुनिंबाचे डहाळे लागले. फोडणी बंद झाली, केस कापणे बंद झाले, आणि नुस्ते, म्हणजे मासळी, घराच्या पायरीवर येणेही बंद झाले. वास्तविक हे सगळे नियम मूळ देवीच्या रोगाचे. तो रोग देशातून हद्दपार झाल्याचे १९७७ साली जाहीर झाले, पण त्याचे नियम काही निवृत्त झाले नाहीत; ते तसेच्या तसे कांजिण्यांच्या सेवेत रुजू झाले. नखांच्या बाबतीत आईने बरीच घासाघीस केल्यावर डॉक्टरांचे ऐकले. नुस्त्याच्या बाबतीत ती चर्चेलाही तयार नव्हती.

ज्या घरात हुमणाशिवाय, म्हणजे माशांच्या आमटीशिवाय, भात म्हणजे आजाऱ्याचे जेवण समजले जाते, त्या घरात या बंदीचा अर्थ काय होतो, हे गोव्याबाहेरच्या वाचकांना सांगूनही पुरते कळायचे नाही. बाबांनी पहिले काही दिवस सोमवारची उजळणी म्हणून काढले. त्यानंतर त्यांना फोंड्याच्या बँकेत वारंवार कामे निघू लागली. पासबुकात नोंद करून आणण्याइतके किरकोळ काम जेवणाच्या वेळेलाच का करावे लागते आणि परतताना शर्टाला तळलेल्या बांगड्याचा वास का येतो, असे आई विचारत नसे. ती फक्त तो शर्ट अंगणात वेगळा वाळत घालीत असे. घरातले खरे म्हणण्यासारखे विलगीकरण एवढेच झाले.

समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागली होती ती वेगळीच. प्रत्येकाच्या हातात शहाळे आणि तोंडात आपापल्या कांजिण्यांचा इतिहास. एका शेजारणीने तर परीक्षेआधी एकदाचे उरकून जाईल या हिशेबाने आपल्या मुलाला आमच्याकडे खेळायला पाठवण्याची तयारी दाखवली. या सगळ्यांत बिनधास्त वावरत होती ती माझी धाकटी मुलगी, कारण तिला लशीचे दोन्ही डोस मिळाले होते. कांजिण्यांची लस सरकारी मोफत लसीकरणात नाही, ती खासगीत पैसे भरून घ्यावी लागते, आणि त्या वेळी मी त्या खर्चाबद्दल थोडे कुरकुरलोही होतो. मिचिआकी ताकाहाशी या जपानी डॉक्टरांच्या तीन वर्षांच्या मुलाला १९६४ साली कांजिण्यांनी बेजार केले, आणि त्या बापाने हाय न खाता १९७४ पर्यंत लसच तयार केली. आमच्या घरातल्या बापाने त्या मानाने कॅलामाइनच्या बाटल्या आणल्या. धाकटी मात्र ताकाहाशींच्या पुण्याईवर आजारी भावाच्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि तिथून बाबांकडे निरोप पोहोचवीत फिरत होती, आणि निरोपांत मुख्यतः जेवणात आज काय आहे एवढेच असे.

मुलाच्या खपल्या सुकल्या, आईने कडुनिंबाच्या पाण्याने न्हाऊ घालण्याचा दिवस नेमला, बाबांनी इसवणाची, म्हणजे सुरमईची, चौकशी करून ठेवली, आणि त्याच सकाळी माझ्या पुतणीच्या पोटावर तीन फोड दिसले. दुसऱ्या रुग्णाला आजार पहिल्यापेक्षा अधिक जोरात येतो, कारण घरातला सहवास शाळेतल्या सहवासापेक्षा दाट असतो, असे डॉक्टर म्हणाले. पुतणीने ते शब्दशः खरे करून दाखवले. बंदीची मुदत अर्थातच वाढली.

मग प्रश्न आला मोठ्यांचा. प्रौढांना कांजिण्या झाल्या तर त्या जड जातात, प्रसंगी फुप्फुसापर्यंत जातात, तेव्हा घरात कोणाकोणाला येऊन गेल्या आहेत ते सांगा, असे डॉक्टरांनी विचारले. आईने क्षणभर डोळे मिटून सांगितले की दादाला की मला, कोणा एकाला नक्की आल्या होत्या, कारण त्या वर्षी माणकुराद आंबा अजिबात धरला नव्हता. दादाने ताबडतोब कपाळावरचा व्रण पुराव्यादाखल पुढे केला. तो लहानपणी विहिरीच्या काठावर आपटून झालेला असल्याची साक्ष बाबांनी दिली. मी माझ्या दंडावरचा डाग दाखवला, तर तो पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलवरून पडल्याचा निघाला. मोठ्या कुटुंबात बालपणीचे आजार सामाईक खात्यावर जमा असतात आणि वाटणीच्या वेळी कागद कोणाकडेच सापडत नाहीत.

वाटणी शेवटी विषाणूनेच केली. दादाला कांजिण्या उठल्या, आणि पहिला फोड दिसल्यावर वहिनींनी जराही वेळ न घालवता डॉक्टरांना बोलावल्यामुळे असायक्लोव्हिरच्या गोळ्या वेळेत सुरू झाल्या. एका रुग्णाच्या अंगावर साधारण अडीचशे ते पाचशे फोड उठतात, असे ऐकल्यावर बऱ्या झालेल्या दोन्ही मुलांनी मोठ्या काकांची पाठ आपसात वाटून घेतली आणि पेन घेऊन मोजणी सुरू केली. पुतणीची बाजू आपल्या वडिलांचे फोड वाढवून सांगण्याकडे झुकलेली होती.

त्याच भेटीत डॉक्टरांनी सहज विचारले की शाळेत दुसऱ्या कोणाला नव्हत्या, तर मग घरात त्याआधी कोणाला नागीण झाली होती का. सगळे आईकडे पाहू लागले. शिगम्याच्या आधी आईच्या पाठीवर एका बाजूला पट्टा उठला होता, तिने त्यावर काव लावली होती, आणि नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळू नये म्हणून नातवाला रोज तो पट्टा तपासायला आणि तेल लावायला बसवले होते. लहानपणी आलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो आणि म्हातारपणी नागीण होऊन उठतो. तिच्या फोडांच्या पाण्यातून तो ज्याला लागेल त्याला कांजिण्या होतात, हे डॉक्टरांनी अतिशय सौम्य शब्दांत सांगितले. बाबा खुर्चीत ताठ बसले. इतके दिवस ज्या साथीपायी आपले हुमण बंद झाले, तिचा उगम बंदीचा हुकूम काढणाऱ्या व्यक्तीच्या पाठीवर होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटले होते. आई मात्र जराही डगमगली नाही. “म्हणजे देवी आधी माझ्याकडे आली,” असे ती म्हणाली आणि कडुनिंबाचे ताजे डहाळे आणायला मला पाठवले.

दादाची सेवा मीच करीत असल्यामुळे त्याच्यानंतर माझी पाळी आली. अंगभर कॅलामाइन लावून पडल्या पडल्या मी आईला विचारले की दादालाही आल्या नव्हत्या आणि मलाही आल्या नव्हत्या, तर त्या वर्षी आल्या होत्या कोणाला. तिने बराच विचार केला आणि तो पलीकडच्या घरातला मुलगा असावा असे सांगितले. तोही लहानपणी आमच्याकडेच जेवत असे.

माझ्या शेवटच्या खपल्या मे महिना संपताना पडल्या. कडुनिंबाचे न्हाणे झाले, देवीची पाठवणी झाली, फोडणीचा वास घरभर पसरला आणि आईने नुस्त्याला रीतसर परवानगी दिली. बाबा मोठी पिशवी घेऊन बाजारात गेले, तो दिवस १ जूनचा होता. त्या दिवसापासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारीची सरकारी बंदी असते. इसवणाचा भाव ऐकून बाबांनी तो परत एकदा विचारला, मग तिसऱ्यांदा विचारला, आणि शेवटी पुरुमेंतासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, मांडलेल्या सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, एक पुडी घेऊन ते घरी आले. वहिनींनी त्यांची किस्मूर, म्हणजे ओले खोबरे घातलेली कोशिंबीर, केली. बाबांनी सरकारला नावे ठेवीत ती पुन्हा पुन्हा वाढून घेतली आणि आईने सरकारची बाजू घेतली.