गुडघ्यातली शेळी

गेले पाच महिने माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये एक शेळी आहे. ती दिसत नाही, ओरडत नाही, दूध तर नाहीच नाही. पण मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेसात ते नऊ तिला सोडायची सोय नाही. जरा ढिलाई झाली की सिफू, म्हणजे आमचे गुरुजी, मागून येतात, पायाच्या अंगठ्याने माझ्या गुडघ्याला टोचतात आणि म्हणतात, "शेळी पळाली."

ऑफिसने मला हाँगकाँगला पाठवलं आणि वर्षभरात खुर्चीने माझी पाठ धरली. डॉक्टर म्हणाले, काहीतरी व्यायाम करा. बायको म्हणाली, सूर्यनमस्कार घाल, पैसे पडत नाहीत. पैसे पडत नाहीत ते माझ्याच्याने होत नाही, हा वीस वर्षांचा अनुभव. शिवाय घराजवळ यौ मा तेईत, एका जुनाट इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर विंग चुन या कुंग-फूच्या प्रकाराची शाळा. शाळा म्हणजे आमच्या हॉलएवढी खोली. पण लहानपणी व्हीसीआर भाड्याने आणून, वर्गणी काढून ब्रूस ली पाहिलेला माणूस त्या पाटीखालून किती दिवस निमूट जाणार?

पहिल्या दिवशी निदान एक ठोसा तरी मारायला मिळेल असं वाटलं होतं. मिळालं ते उभं राहणं. टाचा बाहेर, अंगठे आत, गुडघे त्याहून आत, पाठ ताठ. नाव 'यी जी खिम येउंग मा', म्हणजे शेळी धरून ठेवायची बैठक. एकंदर अवतार असा, की बँकेच्या रांगेत उभ्या माणसाला जोराची लागली आहे आणि नंबर तर सोडवत नाही.

या अवस्थेत करायचा पहिला पाठ 'सिउ निम ताउ'. अर्थ, छोटासा विचार. यात हात छातीपासून पुढे न्यायचा, पण इतका सावकाश, की तो पोचेपर्यंत घरी कुकरच्या तीन शिट्ट्या व्हाव्यात. मग तो तितक्याच सावकाश परत आणायचा. असं तीनदा. मग दुसरा हात. त्या वेळात माझ्या डोक्यात छोटासा विचार एकच असतो: नऊ कधी वाजतात.

समोरच्या भिंतीवर गुरूंचे फोटो, खाली उदबत्ती आणि संत्री. सगळ्यांत वर इप मान. लांब झगा, टक्कल, आणि अंगकाठी अशी की आमच्या गावच्या तालमीत वस्तादांनी आधी चार महिने दूध पिऊन ये म्हणून घरी धाडलं असतं. हाच माणूस ब्रूस लीचा गुरू.

मी जमिनीवर बसून पाय चोळायला लागलो की सिफू घराण्याची कथा सांगतात. उंग मुई नावाची बौद्ध भिक्षुणी होती. एक गुंड यिम विंग-चुन नावाच्या मुलीशी जबरदस्तीने लग्न करू पाहत होता. भिक्षुणीने मुलीला विद्या दिली, मुलीने गुंडाला लोळवलं, विद्येला मुलीचं नाव पडलं. ही दंतकथा. (पण हे वाक्य मी मराठीत लिहितोय म्हणून धीर होतो.) पायाखाली जमीन लागते ती 19व्या शतकातल्या लेउंग जानपाशी. हा फोशान गावचा वैद्य. त्याचा चेला चान वा-शुन पेढीवर नाणी मोडून द्यायचा. वैद्य जोडणारा, चेला मोडणारा, धंद्याची साखळी पक्की. चानचा शेवटचा शिष्य इप मान. जन्म 1893चा, घर खाऊनपिऊन सुखी. चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली आणि हा पन्नाशीच्या पुढचा माणूस सगळं मागे टाकून हाँगकाँगला आला. 1950मध्ये शाम शुई पो भागात हॉटेल कामगारांच्या युनियनच्या जागेत त्याने पहिला वर्ग सुरू केला. दिवसभर बशा उचललेली पोरं संध्याकाळी त्याच्यासमोर शेळ्या धरून उभी राहायची. मी दिवसभर एक्सेल उचललेला असतो, तेव्हा कुरकुर करायला तोंड नाही.

इप मान 1972मध्ये गेला. आता इथे गल्लोगल्ली त्याची परंपरा आहे. पुण्यात 'आमची कोठेही शाखा नाही' यात मोठेपणा. इथे प्रत्येक जण आपण कुणाची शाखा, हेच आधी भिंतीवर टांगतो.

कोपऱ्यात लाकडी पुतळा आहे. तीन हात, एक पाय. पाहताक्षणी मला मल्लखांबाचं भावंड भेटल्याचा आनंद झाला. पूर्वी हा खांब जमिनीत पुरायचे. हाँगकाँगच्या माडीवर खणणार कुठे? म्हणून त्याला दोन आडव्या पट्ट्यांवर भिंतीशी अडकवला. जागेची ही तडजोड मुंबईकराला समजावून सांगावी लागत नाही. त्याच्यावर करायच्या हालचाली 116. मला सध्या एकशेसतरावी येते: फडक्याने धूळ पुसणे.

ती मला माझ्या सिहिंगने शिकवली. सिहिंग म्हणजे गुरुबंधूंतला थोरला. थोरलेपण वयावर नाही, कोण आधी आलं यावर. माझा सिहिंग अकरा वर्षांचा आहे. त्याच्या दप्तराला कापडी डायनासोर लटकलेला असतो. तो येतो, माझ्या कोपराखाली दोन बोटं घालून कोपर आत ढकलतो आणि दहावीला तिसऱ्यांदा बसलेल्या भाच्याकडे पाहावं तसं पाहतो. मी त्रेचाळीस वर्षांचा घोडा, मान खाली घालून "हो, सिहिंग" म्हणतो. परवा त्याचा गृहपाठ राहिला म्हणून आई त्याला कान धरून घेऊन गेली, तेव्हा झालेला आनंद मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही. इतपत साधना झाली आहे.

ठोसा मला चौथ्या महिन्यात मिळाला. तोही भिंतीवरच्या पिशवीला. जाड कॅनव्हासची पिशवी, आत मूग. हो, हिरवे, आपले. घरी सराव हवा म्हणून मी चुंगकिंग मॅन्शन्स या इमारतीतल्या भारतीय दुकानातून आणलेले दोन किलो मूग जुन्या जीन्सच्या पायात शिवले आणि पॅसेजच्या भिंतीला टांगले. बायकोने दोन दिवस डबे शोधले. तिसऱ्या दिवशी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दुकानातून दुसरे मूग आणले. त्यानंतर रोज पहाटे शंभर ठोसे, तीन आठवडे. शेजारच्या म्हातारीने एकदा येऊन नळाचं काम कधी संपणार, असंही विचारलं.

गेल्या शनिवारी शिवण उसवली. घरभर मूग. सोफ्याखाली, चपलांत, देवघरात. मी गुडघ्यांवर रांगत एकेक वेचला. बायकोने ते ताटात पसरले, चष्मा लावून निवडले. तीन आठवडे, रोज शंभर ठोसे, पण एकाचीही डाळ झाली नव्हती.

तिने काही न बोलता ते भिजत घातले. सोमवारी सकाळी झाडून सगळ्यांना मोड आले होते.