झूं

अ‍ॅम्प बिघडला की गप्प होत असेल, अशी माझी समजूत होती. माझा, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा, बिघडल्यावर बोलायला लागला. मी गिटारला हातही लावलेला नसताना तो आपला एकटाच चालू, एखाद्या रुसलेल्या म्हाताऱ्यासारखा.

नीट कान दिल्यावर कळलं, आत चौघेजण राहतात. सूं, खर्र, घूं आणि झूं.

सूं बिचारा निरुपद्रवी. विजेला अडवणारा कोणताही रेझिस्टर, नुसता पडून असला तरी, उष्णतेमुळे किंचित सळसळतो. अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधनसंस्थेतल्या जॉन्सन यांनी हे मोजून १९२८ सालीच छापून ठेवलंय. म्हणजे त्याला इलाज नाही, आणि ज्याला इलाज नाही त्याची मला एक प्रकारची आवडच आहे. खर्र मात्र व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की यायचा. प्लग काढला, बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत पन्नासेक वेळा फिरवलं. आतल्या कार्बनच्या पट्टीवरची घाण घासली गेली आणि खर्र गेला. हे यश मला फार महागात पडलं. मला वाटायला लागलं की आपल्याला यातलं कळतं.

घूं माझ्या गिटारचाच होता. तिचे पिकअप (तारांखालची, त्यांची थरथर टिपणारी चुंबकं) एकेरी कॉइलचे, म्हणजे तारेचं एकच वेटोळं असलेले. असा पिकअप तारांबरोबर घरातल्या विजेची गुणगुणही इमानेइतबारे टिपतो. गिब्सन या गिटार कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी यावर दोन उलट कॉइल एकत्र जोडून गुणगुणीनेच गुणगुण मारायची युक्ती काढली आणि १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्जही केला. त्यानंतर इतक्या वर्षांनी गिटार घ्यायला जाऊन मी एकेरी कॉइलवालीच उचलली, कारण तिचा रंग छान होता. खुर्चीसकट गोल फिरत फिरत मी घूं सगळ्यात कमी होणारा कोन शोधला. त्या कोनात मी कपाटाकडे तोंड करून बसतो. चालायचंच.

राहिला झूं.

झूं कर्कश होता, दात असलेला. रात्री आठ-साडेआठला यायचा. मी हाक मारायचो, "अगं, ऐक ना जरा!" पलीकडच्या कोपऱ्यात वाचत बसलेली बायको पुस्तकात खूण घालून यायची, कान लावायची आणि म्हणायची, "कुठे आहे?"

खरोखरच नसायचा. डॉक्टरांच्या दारात पोचल्यावर दाढदुखी थांबते, तसा.

पहिल्या दिवशी ती येईपर्यंत मी केबल उपटून दुसरी लावली होती. त्यामुळे श्रेय केबलला गेलं आणि जुनी केबल कचऱ्यात. दुसऱ्या दिवशी झूं परत. त्या दिवशी पहिला व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज वाढवणारी काचेची नळी (१२एएक्स७), बदलला. ती आली, झूं गेला. तिसऱ्या दिवशी पेन्सिलीने एकेक व्हॉल्व्ह टिचकावून पाहिला. एकाने 'टंग' असं उत्तर दिलं, म्हणून त्याला जाग्यावरच दोषी ठरवलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते म्हणतात. माझ्याकडे तर रोज नवा कावळा होता.

एका मित्राने फोनवर सल्ला दिला, "प्लगची अर्थची पिन काढून टाक, आवाज बंद." होतोही कधीकधी, अ‍ॅम्पचा. पण आत काही बिघडलं तर वाजवणाऱ्याचाही कायमचा होतो. मी त्याचा फोन ठेवला.

मग मी शास्त्रोक्त व्हायचं ठरवलं. ५० हर्ट्झची वीज अ‍ॅम्पमध्ये डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, होताना तिची गुणगुण दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झची होते (वीज ६० ची असेल तर १२०). गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर तिसरा पडदा दाबला की ९८ हर्ट्झ मिळतात. दाबला. झूं आणि तार जवळजवळ एका सुरात! म्हणजे ही गुणगुण गाळणारे फिल्टर कपॅसिटर वाळले. इतका आनंद मला लग्नाच्या वेळीही झाला नव्हता, हे मी चुकून मोठ्याने बोललो. मागची फळी उघडली. तेवढ्यात आठवलं की हे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काहीशे व्होल्ट धरून बसू शकतात. फळी बंद केली. चारही स्क्रू लावले. पाचवा का उरला, ते अजून कळलेलं नाही.

खरं तर पहिल्याच दिवशी करायची चाचणी एकच होती. झूं चालू असताना गिटारची केबल अ‍ॅम्पमधून काढायची. आवाज राहिला तर दोष अ‍ॅम्पमध्ये, गेला तर बाहेर. ती मी केली नव्हती, कारण फार सोपी होती.

शेवटी एका रात्री केली. आवाज गेला. केबल लावली, आला. तारांवर तळवा ठेवला की कमी, उचलला की जास्त, म्हणजे अँटेना मी. पण प्रक्षेपण कोण करतंय? "अगं!" मी असा ओरडलो की शॉक बसला समजून ती पुस्तक टाकून तशीच धावत आली. आणि झूं चालूच होता!

"ई, हा होय? हा तर डास आहे," ती म्हणाली. मग कोपऱ्याकडे बघून, "थांब, गडबडीत दिवा तसाच राहिला," म्हणत जाऊन तिने वाचायचा दिवा बंद केला.

शांतता.

मी म्हटलं, "लाव." झूं. "बंद कर." गप्प.

दिव्याला डिमर होता. डिमर प्रत्येक अर्ध्या लहरीचा पुढचा भाग कापून मंद उजेड देतो. म्हणजे सेकंदाला शंभर झटके, माझ्या तिसऱ्या पडद्याच्या अगदी शेजारी. आणि बायको शिस्तीची. उठताना दिवा बंद केल्याशिवाय कधी उठत नाही. रोज साक्षीदार यायचा तो पुरावा विझवून.

बटण फिरवत आम्ही दोघांनी पाहिलं. पूर्ण उजेडात झूं जवळपास नाही, निम्म्या उजेडात सगळ्यात जास्त. मी वाजवीन तेव्हा दिवा पूर्ण ठेवायचा, असा तह झाला. तिने तो फारच सहज मान्य केला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

काल एकाच जागी तिसऱ्यांदा अडखळलो. कपाटाकडे तोंड असल्यामुळे मला काही दिसलं नाही. फक्त कपाटावर पडलेली माझी सावली हळूहळू फिकट होत गेली, आणि झूं आला.